मारिया गोरेत्ती: ‘शीलासाठी हुतात्मा’ म्हणावं का?

प्रश्न असा: संत मारिया गोरेत्तीवरच्या लेखात ‘शील वाचवताना हुतात्मा झाली’ असं लिहिलं, तर स्त्रीवादी अभ्यासक आक्षेप का घेतात आणि त्याऐवजी काय लिहावं?

आधी ‘हुतात्मा’. हुत म्हणजे होमात वाहिलेलं. स्वतःहून आहुती दिली, हे या शब्दात गृहीतच आहे. मूळ ग्रीक ‘मार्तुस’ म्हणजे मात्र नुसता साक्षीदार. ख्रिस्ती मराठीतला ‘रक्तसाक्षी’ त्याच्या जास्त जवळचा, शिवाय बाईपुरुष दोघांनाही चालणारा. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले, त्यांना तो बिनदिक्कत लावावा. श्रद्धेपायी मारली गेलेली कार्थेजची पर्पेतुआ (इ. स. २०३) तर शब्दशः साक्षीदार; तुरुंगातली टिपणं तिच्याच नावावर आहेत.

गोरेत्तीचं तसं नाही. ५ जुलै १९०२, इटलीतलं ले फेर्रिएरे. ती ११ वर्षांची, अलेस्सांद्रो सेरेनेल्ली २० वर्षांचा, बिऱ्हाड त्याच घरात. तिने नकार दिला, त्याने १४ वार केले. दुसऱ्या दिवशी ती गेली. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी तिला संत घोषित केलं. पोर निरक्षर होती; तिच्या मरणाचा अर्थ लावला तो इतरांनी.

खरी मेख ‘वाचवताना’त आहे. मेली म्हणून शील वाचलं, तर बलात्कारानंतर जी जगली तिचं गेलं का? स्त्रीवाद्यांचा मुख्य आक्षेप हाच, आणि त्याला आधार खुद्द संत ऑगस्टिन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताचा. ४१० मध्ये रोम लुटलं गेलं, तेव्हा अत्याचार झालेल्या स्त्रियांविषयी त्याने लिहिलं की शुचिता मनाची असते, दुसऱ्याच्या जबरदस्तीने ती जात नाही. सोळाशे वर्षांपूर्वीचं हे प्रवचनांत क्वचितच निघतं! निघते ती मरताना गोरेत्तीने सेरेनेल्लीला केलेली क्षमा, तीही नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘सोस’ म्हणून सांगायला. सोसण्यालाच तारण मानण्यातला हा धोका ब्राउन आणि पार्कर या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ मध्ये स्पष्ट मांडला.

तेव्हा ‘बलात्काराला विरोध केला म्हणून तिचा खून झाला’ असं सरळ लिहा. पदवी हवीच असेल, तर ‘चर्च तिला शुचितेची रक्तसाक्षी मानतं’; म्हणजे मत कुणाचं ते कळतं. ‘अब्रू’, ‘शीलभ्रष्ट’ नकोतच. ‘मरण पत्करलं’ही खोडा, कारण तिने दिला तो नकार, आणि वार करणारा सेरेनेल्ली त्या वाक्यातून अलगद निसटतो.