इंटरनेट पुढे पूर्णपणे बंदिस्त होईल का? मग ओपन टेक्नॉलॉजीचा आग्रह धरण्यात काही अर्थ आहे का?

प्रश्न वाचला आणि गॅलरीतल्या डबीकडे नजर गेली, म्हणून लिहायला बसले.

इंटरनेट बंदिस्त होणार नाही. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट हे इंटरनेटचं पूर्वज जाळं टीसीपी/आयपीवर, म्हणजे संगणकांनी आपसात बोलायच्या खुल्या नियमांवर गेलं, त्यांच्याच जोरावर हे उत्तर तुमच्यापर्यंत पोचतंय. बंद होतायत ती टोकं. फोन, टीव्ही, बल्ब, दाराचं कुलूप. नळ कितीही मोकळा असला तरी तोटी दुसऱ्याच्या हातात असेल, तर पाणी कधी सोडायचं ते तोच ठरवणार. झालं तुमचं उत्तर. आता माझी गोष्ट.

मला आकड्यांचा नाद आहे. तापमान आणि आर्द्रता मोजणाऱ्या दोन डब्या घेतल्या होत्या, एक गॅलरीत, आणि दोन वर्षांनी त्याच कंपनीची दुसरी, घरात. आमच्या भावोजींनीही माझं बघून एक घेतली. डबीतला आकडा आधी कंपनीच्या सर्व्हरवर जायचा आणि तिथून माझ्या फोनवर यायचा. डबी आणि फोन यांत अंतर दीड हात! मला ते तेव्हाच खटकलं होतं. बोलूनही दाखवलं. भावोजी अशाच उपकरणांच्या धंद्यातले, ते म्हणाले, "अगं, सर्व्हर त्यांचा म्हणजे डोकेदुखीही त्यांची. तू आकडे बघ की."

पाच वर्षं बघितले. मग ईमेल आला: सेवा बंद करत आहोत, तीस दिवसांची मुदत, आजवरच्या साथीबद्दल आभार. जुनी नोंद उतरवून घ्यायची सोय होती म्हणा. दर महिन्याचा आलेख चित्र म्हणून मिळत होता. म्हणजे पाच वर्षांचे आकडे नाहीत, आकड्यांचे फोटो.

एकतिसाव्या दिवशी तिन्ही डब्या लाल दिवा मिचकावायला लागल्या. सेन्सर ठणठणीत, वायफाय ठणठणीत. फक्त ज्याला सांगायचं तोच उठून गेला होता.

गॅलरीतली उघडली. चार स्क्रू. आत ईएसपी८२६६ ही हौशी मंडळींच्या ओळखीची वायफाय चिप, आणि बोर्डाच्या कडेला चार भोकं. त्यांच्याशेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत टीएक्स (पाठवणं), आरएक्स (घेणं), ग्राउंड, ३.३ व्होल्ट असं छापलेलं. कुण्या इंजिनिअरनं ते छापलं आणि वरच्या कुणाला ते पुसायचं सुचलं नाही, एवढीच माझी पुण्याई. चार तारा डकवल्या. शून्य नंबरची पिन ग्राउंडला टेकवून वीज दिली की ही चिप नवं फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारा आतला प्रोग्रॅम, घ्यायला तयार होते. (पाच व्होल्ट देऊ नका. एक चिप घालवून शिकलेय.) रात्री दीड वाजता माझ्याच जुन्या लॅपटॉपवर आकडा उमटला: २४.६. इतका आनंद त्या डबीनं पाच वर्षांत दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याच तोऱ्यात घरातली उघडली. सेन्सर तोच, प्लास्टिक तेच. पण हिच्यात सिक्युअर बूट. कंपनीची डिजिटल सही नसलेलं फर्मवेअर चिप सुरूच करत नाही. सहीची चावी कंपनीकडे, आणि कंपनी कुठे आहे ते विचारू नका. आठवडाभर झटापट केली. आता ती ड्रॉवरमध्ये पडून आहे.

म्हणून कुणी "ओपन म्हणजे सोर्स कोड ना, सामान्य माणसाला तो घेऊन काय करायचंय" म्हणालं की माझं डोकं फिरतं. कोड मला नकोच होता. कंपनीला कंटाळा आल्यावर वस्तू माझी राहते की नाही, एवढाच प्रश्न आहे. हे माझ्याच नशिबी आलं असंही नाही. मे २०१६ मध्ये नेस्ट या कंपनीनं रिव्हॉल्व्ह हा घरातली उपकरणं चालवणारा हब सर्व्हरसकट बंद केला, तेव्हा लोकांच्या घरात चालत्या यंत्रांची खोकी झाली. गूगल टॉक ही चॅट सेवा एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर (बोलायच्या नियमांवर) होती, दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशीही बोलता यायचं. २०१३ मध्ये तिच्या जागी गूगलचंच हँगआउट्स आलं आणि ते दार लोटायला सुरुवात झाली. ईमेल पाठवायचा एसएमटीपी हा प्रोटोकॉल मात्र १९८२ चा आहे आणि अजून मरत नाही, कारण तो एकट्या कुणाचा नाहीच.

भावोजी म्हणायचे, ओपनवाले भाबडे, बाजार जिंकतो तो सोय देणारा. मग गोफर या, वेबसारख्याच माहिती शोधायच्या जुन्या सेवेचं काय झालं? १९९३ च्या सुरुवातीला वेबपेक्षा गोफर जोरात होता. मिनेसोटा विद्यापीठानं त्याच्या सर्व्हरसाठी परवाना शुल्क घेणार असं जाहीर केलं, आणि ३० एप्रिल १९९३ ला वेब जिथे जन्मलं त्या सर्न या युरोपीय संशोधन संस्थेनं ते सगळ्यांना फुकट खुलं करून टाकलं. आज गोफर किती जण वापरतात? वेब जिंकायला आणखीही कारणं होती, मान्य. पण शुल्काची धास्ती हे त्यातलं मोठं कारण.

तुमच्या "पुढे" या शब्दाबद्दल सांगायचं तर लक्षणं बरी नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलनं जाहीर केलं, की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर कुठूनही ॲप टाकायचं असेल तर ते बनवणाऱ्यानं आपली ओळख आधी गूगलकडे नोंदवायला हवी. ओरड झाली तेव्हा जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू म्हणाले. ही वाट किती दिवस राहते ते बघू. उलट बाजूनं युरोपीय संघानं मोठ्या मेसेजिंग सेवांना दुसऱ्यांसाठी दार किलकिलं ठेवायला कायद्यानं भाग पाडलंय. मोकळेपणा आपोआप टिकेल असं मला वाटत नाही, कुणीतरी भांडल्यावरच टिकतो.

आग्रह धरायचाच असेल तर दुकानात धरा. घेण्याआधी विचारा, राउटरची बाहेरची तार काढली तर हे चालेल का? माझे आकडे साध्या सीएसव्ही (कुठेही उघडता येणाऱ्या तक्त्याच्या) फाइलमध्ये मिळतील का? विकणारा "ॲपमध्ये दिसतं ना सगळं" म्हणाला की समजा, नाही मिळणार.

हो, एक राहिलं. आईला फोन घेऊन दिला तो मात्र पूर्ण कुलूपबंद. कुणीतरी फोन करून "हे ॲप टाका" म्हणतं आणि ती टाकते, तिथे मला माझी तत्त्वं परवडत नाहीत. कुलूप वाईट नाही, चावी मालकाकडेही असावी एवढंच म्हणणं आहे.

आणि डबी मोकळी केल्यावर तिचे आकडे बाहेरूनही बघता यावेत म्हणून मी एमक्यूटीटी ब्रोकर (डबीचे आकडे घेऊन मागेल त्याला देणारा प्रोग्रॅम) इंटरनेटवर उघडा केला, पत्ता मोठ्या दिमाखात भावोजींना पाठवला, आणि पासवर्ड घालायला विसरले. तीन महिन्यांनी त्यांचा फोन. "तुझ्या गॅलरीत आत्ता २८.१ आहे. मी वाचतोय, म्हणजे अख्खं जग वाचत असणार."

पासवर्ड घातलाय आता. त्यांची डबी मात्र अजून लाल मिचकावते. विचारलं तर म्हणतात, नाइट लॅम्प आहे.