दावा दाखल करण्याआधी वकिलाच्या नोटिशीवर झालेला खर्च परत मिळतो का?

मिळू शकतो, पण पूर्ण मिळेल या भरवशावर राहू नका.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २०-अ नेमका यासाठीच आहे. दाव्याआधी कायद्याने बंधनकारक असलेली नोटीस (उदा. सरकारविरुद्धच्या दाव्यात कलम ८० ची) आणि बंधनकारक नसताना पाठवलेली नोटीस, दोन्हींचा खर्च कोर्ट दाव्याच्या खर्चात धरू शकतं. शेवटी देणं न देणं कलम ३५ खाली कोर्टाच्या मर्जीवर. मात्र जिंकणाऱ्याला खर्च नाकारला, तर त्याची कारणं लेखी द्यावी लागतात.

खरी अडचण वकिलाच्या फीची. साध्या दाव्यात ती ठरलेल्या दरानेच धरली जाते, आणि तो दर प्रत्यक्ष बिलापुढे बहुतेकदा किरकोळ असतो. ‘समोरच्याने मुद्दाम खोटा बचाव घेतला’ म्हणून कलम ३५-अ खाली भरपाई मागितली, तरी कमाल ३,००० रुपये! व्यावसायिक वाद (किमान ३ लाखांचा) असेल तर स्थिती बरीच बरी, तिथे वाजवी वकील फी मिळू शकते.

तेव्हा नोटिशीतच तिचा खर्च मागा, दाव्याच्या विनंतीतही लिहा. वकिलाकडून सही-तारखेची पावती आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.

आणि नोटीस मिळताच समोरच्याने पैसे दिले, दावाच झाला नाही, तर खर्चाचा हुकूम द्यायला कोर्टच नसतं. तो खर्च तडजोडीच्या रकमेतच धरून घ्या.