‘पाव नसेल तर केक खा’ हे नक्की कोण म्हणालं?

प्रश्न : मुलगी वक्तृत्व स्पर्धेत फ्रेंच राज्यक्रांतीवर बोलणार आहे. ‘पाव मिळत नसेल तर केक खा’ हे फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं वाक्य भाषणात घ्यावं का?

उत्तर : तिच्या नावावर घेऊ नका. अशा वाक्याबाबत आधी दोन सालं शेजारी मांडायची : बोलणाऱ्याच्या जन्माचं आणि वाक्य प्रथम लिहिलं गेलं त्याचं. मारीचा जन्म १७५५चा, व्हिएन्नातला. लग्न होऊन ती फ्रान्समध्ये आली १७७० साली. विचारवंत रूसोने ‘कन्फेशन्स’ या आत्मचरित्राचा सहावा भाग लिहिला तेव्हा ती दहा-बारा वर्षांची, माहेरीच होती. त्यात तो १७४०च्या सुमाराची आठवण सांगतो. चोरून आणलेल्या वाइनबरोबर त्याला पाव हवा होता, पण कमरेला तलवार लावलेल्या सभ्य गृहस्थाने पाववाल्याच्या दुकानात कसं जायचं? तेव्हा त्याला एका ‘थोर राजकन्येचं’ उत्तर आठवलं : शेतकऱ्यांना पाव मिळत नाही? मग ब्रिऑश खाऊ देत. राजकन्येचं नाव त्याने दिलेलं नाही.

भाषांतरानेही घोळ केला आहे. ब्रिऑश म्हणजे आपल्या वाढदिवसाचा केक नव्हे; अंडी आणि भरपूर लोणी घालून, यीस्टने फुगवलेला तो श्रीमंती पाव.

वाक्य खोटं असलं तरी भूक खरी होती, आणि भाषणात तीच यायला हवी. पॅरिसमध्ये चार पौंडी पाव एरवी ८-९ सूला (सू हे तेव्हाचं फ्रेंच नाणं) मिळे. फेब्रुवारी १७८९मध्ये तो साडेचौदा सूवर गेला. साध्या मजुराची रोजची कमाई होती २० ते ३० सू. म्हणजे निम्मी मजुरी, कधी त्याहून जास्त, एका पावात संपे! उधळी म्हणून आधीच बदनाम असलेल्या परदेशी राणीला हे वाक्य सहज चिकटलं. १७७५च्या धान्यदंगलीनंतर तिने आईला लिहिलेल्या पत्रातला सूर मात्र वेगळाच आहे : हालअपेष्टा सोसूनही लोक आपल्याशी इतकं चांगलं वागतात, तेव्हा त्यांच्या सुखासाठी झटणं आपल्याला अधिकच भाग आहे. भाषणात हे पत्र जरूर घ्या.

प्रश्न : गॅलिलिओचं ‘तरीही ती (पृथ्वी) फिरतेच’ हे वाक्य खरं आहे का?

उत्तर : २२ जून १६३३ रोजी रोममध्ये चर्चच्या खटल्यात त्याने गुडघे टेकून, पृथ्वी फिरते हे आपलं मत मागे घेतलं. खटल्याच्या कागदपत्रांत हे वाक्य नाही. ते छापलेलं दिसतं १७५७ साली, लंडनमध्ये, इटालियन लेखक बारेत्तीच्या पुस्तकात; म्हणजे १२४ वर्षांनी. न्यायाधीशांसमोर असं पुटपुटला असता तर पुढची शिक्षा घरकैदेवर थांबली नसती. चिथावणी त्याने दिली होती ती आधीच, छापून : १६३२च्या ‘संवादा’त पोप आठवे अर्बन यांचा आवडता युक्तिवाद त्याने सिम्प्लिचिओच्या, म्हणजे पुस्तकभर हरत आलेल्या पात्राच्या तोंडी घातला.