इंग्लंडात एम.एस्सी.ची असाइनमेंट लिहिताना: मानोऱ्याच्या भावाला उत्तर

भाऊ, तुझा प्रश्न वाचला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झालं, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसहा आले, सप्टेंबरात एम.एस्सी.साठी इंग्लंडला निघायचंय. शाळा मानोऱ्याकडे मराठीतून झाली, म्हणून आता असाइनमेंटला 'भारी इंग्रजी' लागेल या धास्तीनं रोज शब्दांच्या याद्या पाठ करतोयस. मी दारव्ह्याकडची. इथे इंग्लंडात शेती आणि पर्यावरणाच्या विभागात काम करते, एम.एस्सी.च्या मुलांचे मसुदे नेहमी हाताखालून जातात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ती यादी बंद कर. इथल्या प्राध्यापकांना अवघड शब्दांचं काही अप्रूप नसतं. 'युटिलाइज' लिहिण्यापेक्षा 'यूज' लिहिलेलं त्यांना जास्त आवडतं. ते बघतात ते एवढंच, की तू जे म्हणतोस त्याला तुझ्याकडे पुरावा किती आहे, आणि तुझं वाक्य त्या पुराव्याच्या पुढे तर जात नाही ना. भाषेचा सूर, क्रियापदं, वाक्याची लांबी, सगळं यावरूनच ठरतं.

आपल्या पऱ्हाटीचंच घे. समजा प्रश्न आला, 'लहान शेतकऱ्यांच्या उपजीविकेतली बीटी कापसाची भूमिका क्रिटिकली इव्हॅल्युएट करा.' आपल्याकडून आलेला मुलगा बहुतेक वेळा सुरुवात करतो 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' इथून. मग पांढरं सोनं येतं, मग दोन पानं कापसाचा इतिहास, आणि शेवटी एक वाक्य, 'बीटीनं (म्हणजे बोंडअळी मारायला जनुक बदललेल्या कापसानं) विदर्भाचा कास्तकार बुडवला.' ते वाक्य तळमळीतून आलेलं असतं आणि मला ते पोचतं. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली, त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. आपण ते जवळून पाहिलंय. पण असाइनमेंटमध्ये ते वाक्य टिकत नाही. तपासणारा समासात लगेच विचारतो: कोणत्या वर्षांबद्दल बोलतोयस? कोरडवाहू की ओलिताचा कापूस? 2002 साली बीटीला परवानगी मिळाली, त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत फवारण्या कमी झाल्याचे अभ्यास आहेत, त्यांचं काय करणार?

तेच असं लिहून बघ: '2017 च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव वाढण्यामागे दोन जनुकांच्या बीटीविरुद्ध अळीत आलेली प्रतिकारशक्ती हे एक महत्त्वाचं कारण असावं, मात्र रेफ्यूजची लागवड न होणं आणि फरदड घेणं यांचाही त्यात वाटा दिसतो.' (रेफ्यूज म्हणजे बीटीच्या कडेनं लावायच्या साध्या कापसाच्या ओळी, फरदड म्हणजे वेचणीनंतरही उभी ठेवलेली पऱ्हाटी.) आता यातला प्रत्येक तुकडा तपासता येतो. वर्ष आहे, जागा आहे, 'एक महत्त्वाचं' म्हटल्यामुळे बाकीच्या कारणांना जागा राहिली, आणि 'असावं', 'दिसतो' यांनी खात्री किती ते सांगितलं. इंग्रजीत हे काम 'मे', 'अपीअर्स टू', 'इज लाइकली टू', 'सजेस्ट्स' असे शब्द करतात. इथे याला हेजिंग म्हणतात. आपल्या मुलांना वाटतं की असं लिहिलं म्हणजे आपण कच खाल्ली. उलट आहे. पहिलं वाक्य कोणीही एका आकड्यानं पाडेल. दुसरं पाडायला त्याला तुझ्याइतकंच वाचून यावं लागेल.

पण हेजिंग प्रत्येक वाक्यात ओतायचं नाही. परवानगी 2002 ला मिळाली ही नोंदलेली गोष्ट आहे, तिथे 'मे' कशाला? आणि एका वाक्यात 'मे', 'पॉसिबली' आणि 'परहॅप्स' तिन्ही आले की वाक्य पांगळं होतं. एका विधानाला एक पुरे.

दुसऱ्याचं मत सांगताना क्रियापद जपून निवड. 'प्रूव्ह्ज' गणिताबाहेर जवळपास वापरूच नको. 'शोज' म्हटलं की तो निष्कर्ष तू मान्य केलास. 'आर्ग्यूज' म्हटलं की ते त्यांचं म्हणणं आहे, तू अजून बाजूला उभा आहेस. 'क्लेम्स'मध्ये तुझी शंका आपोआप येते, म्हणून ज्याच्याशी तू सहमत आहेस त्याच्यासाठी ते चुकूनही वापरू नको. या एका गोष्टीनं मसुद्याचा सूर बदलतो.

'क्रिटिकली' म्हणजे टीका करणं असं समजू नको. आधी फवारण्या घटल्याचे अभ्यास आणि नंतर कीटकनाशकांवरचा खर्च पुन्हा वाढल्याचे अभ्यास समोरासमोर ठेवायचे, दोन्ही कशामुळे खरे असू शकतात ते शोधायचं, आणि मग आपण कुठे उभे ते सांगायचं. नुसती माहिती मांडणाऱ्याला पास करतात, वर नेत नाहीत. मार्कांचंही सांगून ठेवते. इथे एम.एस्सी.ला साधारणपणे 50 ला पास आणि 70 ला डिस्टिंक्शन. 62 आले म्हणून घरी फोन करून रडायचं नाही, तो चांगला मार्क आहे.

'मी' लिहायचं की नाही, हा तुझा प्रश्न रास्त आहे. आपल्याला शिकवलं जातं की शास्त्रात 'मी' नसतोच. वॉटसन आणि क्रिक यांनी 1953 मध्ये 'नेचर'मध्ये डीएनएच्या रचनेवर लिहिलं, त्याचं पहिलंच वाक्य 'वी विश टू सजेस्ट' असं सुरू होतं. त्यात 'आम्ही' पण आहे आणि 'सुचवतो' पण आहे, तेही एवढ्या मोठ्या शोधाबद्दल. एपीए या लेखन-संदर्भांच्या नियमावलीची 2019 ची सातवी आवृत्तीसुद्धा स्वतः केलेल्या कामासाठी 'आय' वापरायला सांगते. प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र 'माती वाळवली गेली, चाळली गेली' असं कर्मणी अजून चालतं. तुझ्या विभागाची हँडबुक उघड आणि ती सांगेल तसं कर. 'आय फील' मात्र कुठेच नको.

गावाबद्दल लिहायचं असेल तर जरूर लिही. आपण कापूस पिकवणाऱ्या घरातले आहोत हे प्रबंधात उघड सांगायला मनाई नाही, सामाजिक अंगाच्या विषयात तर त्याची अपेक्षाच असते. पण काकाची मुलाखत घ्यायची असली तरी आधी विद्यापीठाची एथिक्स मंजुरी लागते. सुट्टीत गावी येऊन बोलून घ्यायचं आणि मंजुरी नंतर आणायची, असं चालत नाही.

परिच्छेदाची गोष्ट. आपण कारणं सांगत सांगत शेवटी मुद्द्यावर येतो. इथे मुद्दा पहिल्या वाक्यात, मग पुरावा, मग त्याचा अर्थ. प्रस्तावनेसाठी जॉन स्वेल्स या शैक्षणिक लेखनाच्या अभ्यासकांनी 1990 मध्ये एक सांगाडा मांडला, तो अजून सगळीकडे शिकवतात: या विषयात काय माहीत आहे, त्यात कुठे मोकळी जागा आहे, आणि मी ती कशी भरणार. हे तिन्ही पहिल्या पानात आलं पाहिजे. कृषिप्रधान देश त्यात बसत नाही, काढून टाक.

बारीकसारीक: 'डोन्ट', 'कान्ट' नको, पूर्ण लिही. 'व्हेरी', 'ऑब्व्हियसली', 'नाऊअडेज' खोड. स्पेलिंग ब्रिटिश घेतलं तर शेवटपर्यंत ब्रिटिश. लाख-कोटी इथे कळत नाहीत, मिलियनमध्ये लिही. एकरी 8 क्विंटल म्हणजे हेक्टरी साधारण 1,980 किलो, तसंच दे. खरीप, फरदड हे शब्द ठेव, पण पहिल्यांदा येतील तिथे एका ओळीत समजाव. फरदड म्हणजे वेचणी संपल्यावरही पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवणं, आणि त्यामुळे अळीला खायला मिळत राहतं, हे इथल्या वाचकाला तूच सांगू शकतोस. ईमेलला 'रिस्पेक्टेड सर', 'काइंडली डू द नीडफुल' नको. 'डिअर डॉक्टर' आणि आडनाव एवढं बास.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. आपल्याकडे गाइडमधला उतारा जसाच्या तसा उतरवला तर कोणी काही म्हणत नाही. इथे ती चोरी धरतात, वर्ष जाऊ शकतं. दोन-चार शब्द बदललेला उतारासुद्धा त्यातच येतो. टर्निटिन हे नक्कल शोधायचं सॉफ्टवेअर जुळणारी वाक्यं रंगवून दाखवतं, पण टक्का कमी आला म्हणजे सुटलो असं नाही. माझी पद्धत सांगते: पेपर वाच, बंद कर, त्यात काय म्हटलंय ते मराठीत लिही, मग त्या मराठीवरून इंग्रजी कर, मग पेपर उघडून अर्थ ताडून बघ. आणि शब्द तुझे असले तरी विचार त्यांचा आहे, म्हणून संदर्भ द्यायचाच. मराठीतून शिकल्याचा इथे फायदाच होतो, कारण मूळ वाक्य तुझ्या डोक्यात चिकटून राहत नाही. एआयच्या वापराचे नियम प्रत्येक विषयाला वेगळे असतात, ते आधी वाच.

मँचेस्टर विद्यापीठाची 'अकॅडेमिक फ्रेजबँक' इंटरनेटवर फुकट वाचता येते. तुलना कशी मांडायची, मर्यादा कशी सांगायची, याची वाक्यं तिथे तयार आहेत. शब्दांच्या यादीऐवजी ती वाच. पोचल्यावर विद्यापीठाच्या रायटिंग सपोर्टवाल्यांची वेळ पहिल्याच महिन्यात घे. तो तुझ्या फीमधलाच हक्क आहे.

निघायच्या आधी एक काम कर. 'विदर्भातले शेतकरी फरदड का सोडत नाहीत' यावर 300 शब्द इंग्रजीत लिही, निदान दोन पेपरांचे संदर्भ देऊन. पहिल्या वाक्यात मुद्दा, प्रत्येक विधानाला त्याच्या पुराव्याएवढीच खात्री. मला पाठव, मी खुणा करून परत देते.