स्वागत समारंभाचे जेवण ठरवताना

तुमचे बजेट मर्यादित असेल, तर पदार्थांची संख्या वाढवण्यापेक्षा मोजकेच पदार्थ निवडून ते गरम आणि पोटभर वाढता येतील असे पाहा, असे मी आग्रहाने सांगेन. मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, अळूचे फदफदे, काकडीची कोशिंबीर, जिलेबी आणि मठ्ठा एवढ्यावर पाहुणे तृप्त होतात. त्यात चाट आणि पनीरच्या दोन-तीन भाज्यांची भर घातली की ताटामागचा दर चढतो आणि अन्नही उरते. मसालेभाताला १ किलो तांदूळ साधारण १० ते १२ जणांना पुरतो, हा हिशेब आचाऱ्याशी आधीच बोलून घ्या. माझ्या मुलीच्या लग्नात मी दोन गोड पदार्थ ठेवले होते. जिलेबीची परात तीनदा रिकामी झाली, बासुंदीचे पातेले मात्र अर्धे तसेच राहिले, आणि त्याची हळहळ मला अजून वाटते. काम केटररकडे देणार असाल, तर किमान किती ताटांचे पैसे द्यावे लागतील आणि वाढपी, पिण्याचे पाणी व भांडी त्याच दरात आहेत का, हे लिहून घ्या. मठ्ठ्यात आले, कोथिंबीर आणि जिरेपूड घालताना हात आखडू देऊ नका. उरलेले अन्न कोणाकडे पोहोचवायचे, हेही आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.