तक्ता बाजूला ठेव, आधी वसुली मांड

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

मुलांसाठी केलेला तुझा पाठ वाचला. इ.स. १७०७ ते १७४० मधले झाडून सगळे राज्यकर्ते एका तक्त्यात आले आहेत, सनही बरोबर आहेत. तरी तो तक्ता वर्गात लावू नकोस. दिल्लीच्या रकान्यात एकट्या १७१९ सालात चार बादशहा आहेत. फर्रुखसियर, रफी-उद-दरजात, रफी-उद-दौला, मुहम्मदशाह ही नावं घोकून मुलांच्या हाती काय लागणार? त्या वर्षी तख्तावर कोण बसणार हे दरबारातले बलाढ्य सरदार सय्यद बंधू ठरवत होते, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

माझं म्हणणं असं, की या तेहतीस वर्षांत महसूल वसूल करायचा हक्क कोणाकडून कोणाकडे गेला, हा एकच धागा धर. राजे त्यात आपोआप ओवले जातात.

सुरुवात शाहू महाराजांपासून, म्हणजे शिवरायांच्या नातवापासून कर. १६८९ मध्ये रायगड पडला आणि ते आई येसूबाईंसह मुघलांच्या कैदेत गेले, तेव्हा सात वर्षांचे होते, म्हणजे दुसरीतल्या मुलाएवढे. मुलं इथे कान टवकारतात. ३ मार्च १७०७ ला अहमदनगरला औरंगजेब वारला. (एखादा चौकस मुलगा २० फेब्रुवारी ही तारीख शोधून आणेल. त्यालाही चूक म्हणू नकोस. इंग्रजांचं तेव्हाचं कॅलेंडर अकरा दिवस मागे होतं.) त्याच वर्षी मे महिन्यात शाहूंची सुटका झाली. त्यामागे मुघलांची काही माया नव्हती. घरचा वारस परत गेला की मराठ्यांत दुफळी माजेल, असा हिशेब होता, आणि तो बराचसा खराही ठरला. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवून घेतलं.

इथे ताराबाईंना खलनायिका करायचा मोह आवर. पती राजाराम महाराज (शाहूंचे चुलते) १७०० मध्ये गेल्यावर खुद्द औरंगजेब दख्खनेत असताना त्यांनी सात वर्षं राज्य तगवलं होतं. अठरा वर्षांनी कोणी येऊन ‘गादी माझी’ म्हटल्यावर त्यांनी त्याला तोतया ठरवलं, यात नवल ते काय! परसोजी भोसल्यांनी शाहूंबरोबर एका ताटात जेवून ते खरेच असल्याची ग्वाही दिली, असं सांगतात. हा प्रसंग मुलांना हमखास आवडतो. पुढे भीमेकाठी खेडला ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला राज्याभिषेक झाला. दुसरी गादी ताराबाईंनी मांडलेली, कोल्हापूरची.

आता खरा गाभा. बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले. १७१९ मध्ये सय्यदांच्या मदतीला फौज घेऊन ते दिल्लीला गेले आणि येताना सनदा आणल्या: स्वराज्याची (शिवरायांच्या मूळ मुलखाची), आणि दख्खनच्या सहा सुभ्यांवरच्या, म्हणजे मुघल प्रांतांवरच्या, चौथाईची (महसुलाचा चौथा हिस्सा) व सरदेशमुखीची (दहावा हिस्सा). येसूबाईही तेव्हाच परतल्या, तब्बल तीस वर्षांनी. बदल्यात शाहूंनी बादशहासाठी पंधरा हजार घोडदळ बाळगायचं आणि वर्षाला दहा लाख भरायचे, असं ठरलं.

फळ्यावर १०० रुपये वसुलीचं एक गाव मांड. चौथाईचे २५, सरदेशमुखीचे १०, उरले ६५ मुघलांचे. त्या २५ रुपयांची पुन्हा वाटणी: छत्रपतींचा वाटा, बाबती, शेकडा २५; त्यांचे मंत्री पंत सचिव यांचा सहोत्रा ६; छत्रपतींच्या मर्जीने कोणाला द्यायचा तो नाडगौंडा ३; आणि उरलेले ६६ सरदारांचा मोकासा. गणित मुलांनाच करू दे. सव्वासहा, दीड, पाऊण आणि साडेसोळा निघाले की विचार, सगळ्यात मोठा वाटा कोणाचा? सरदार आपापला मुलूख धरून पुढे एवढे मोठे का झाले, ते त्या साडेसोळा रुपयांत दिसतं. अर्थात हे कागदावरचं. प्रत्यक्षात वसूल करायला घोडा आणि भाला लागायचाच.

बंगालचा मुर्शिद कुली खान, अवधचा सआदत खान यांना दोन-दोन वाक्यांत आटप. नावाला बादशहाचे, कारभाराला स्वतंत्र. पुढे हैदराबादचं राज्य उभारणाऱ्या निजामाला मात्र वेळ दे. १७२४ मध्ये बुलढाण्यातल्या साखरखेर्ड्याला बादशहाच्या बाजूच्या मुबारिझ खानाला हरवून तो दख्खनेत घट्ट बसला. मग म्हणू लागला, चौथाई द्यायची कोणाला, साताऱ्याला की कोल्हापूरला? दोन वारस आहेत तोवर देणं थांबवतो! नामी युक्ती होती.

तिला उत्तर मिळालं पालखेडला, फेब्रुवारी १७२८ मध्ये. एकोणिसाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं मिळालेला, बाळाजींचा मुलगा बाजीराव आता सत्तावीस वर्षांचा होता. निजाम पुण्यावर आला तरी तो पुणं वाचवायला धावला नाही. जालना, वऱ्हाड, खानदेश असा निजामाचाच मुलूख तुडवत पार गुजरातेपर्यंत फिरला. निजामाला पुणं सोडून मागे धावावं लागलं, जड तोफा वाटेत टाकाव्या लागल्या, आणि पालखेडला त्याचं पाणीच तोडलं गेलं. तलवारींच्या खणखणाटापेक्षा हे नकाशावर बोट फिरवून दाखव. मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने शाहूंचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मान्य केला. पाहिलंस, युद्ध झालं तेही त्याच ३५ रुपयांवरून.

१७३९ हे साल एकाच तासात दोन्हीकडून दाखव. फेब्रुवारीत कर्नालला इराणच्या नादिरशाहाने मुहम्मदशाहाला हरवलं, पुढे दिल्ली लुटली. मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली.

आणि मुलं मस्तानीबद्दल विचारणारच, सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय. दटावू नकोस. मुघल सरदार बंगशाने कोंडीत पकडलेल्या बुंदेला राजा छत्रसालाच्या मदतीला बाजीराव १७२९ मध्ये बुंदेलखंडात गेला, तिथून ती आली, असं सरळ सांग. तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांकडून लढला आणि जखमांनी गेला, हेही सांग. ते पडद्यावर फारसं येत नाही.

पुढचा पाठ कच्चाच पाठव, सुवाच्य करत बसू नकोस.