चार लाखांहून कमी वस्तीच्या देशातला विमानतळ अटलांटिकपार उड्डाणांचे केंद्र कसा झाला?

आइसलँडची लोकसंख्या चार लाखांहूनही कमी असताना राजधानी रेक्याविकमार्गे अमेरिका आणि युरोपमध्ये इतकी विमाने कशी ये-जा करतात, आणि दुसऱ्या एखाद्या छोट्या किनारी शहराला हे जमेल का, असे आपण विचारले आहे. नकाशावरची जागा हे याचे कारण म्हणून नेहमी सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु माझ्या मते त्याहून मोठे श्रेय वेळापत्रकाला द्यायला हवे.

रेक्याविकपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या केफ्लाविक विमानतळावर सकाळी सहाच्या आसपास बॉस्टन, न्यूयॉर्क, टोरांटो अशा शहरांतून रात्री निघालेली विमाने एकामागून एक उतरू लागतात. सात-साडेसातपासून ती लंडन, पॅरिस, कोपनहेगनकडे रवाना होतात, दुपारी तीन-चारपर्यंत परत येतात आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास पुन्हा अमेरिकेची वाट धरतात. बॉस्टनहून युरोपला जाताना मी येथे विमान बदलले आहे. आइसलँड २००१ पासून शेंगेन व्यवस्थेत, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असल्यामुळे पॅरिसला जाणाऱ्याची पासपोर्ट तपासणी येथेच होते, आणि त्या तासाभरात सगळी गर्दी त्याच रांगेत येऊन थांबते. दहाच्या सुमारास मात्र तेच दालन जवळजवळ मोकळे झालेले असते.

या रचनेचा हिशेब पाहण्यासारखा आहे. पश्चिमेला दहा आणि पूर्वेला दहा शहरे जोडली, तर वीसच मार्ग चालवावे लागतात, पण प्रवाशांना विकण्यासाठी शहरांच्या शंभर जोड्या तयार होतात. बॉस्टनहून केफ्लाविक पाच-साडेपाच तासांवर आणि तेथून लंडन सुमारे तीन तासांवर असल्यामुळे बोइंग ७५७ सारखे आसनांमधून एकच वाट असलेले, तुलनेने लहान विमान पुरते, आणि तेच विमान चोवीस तासांत युरोपची आणि अमेरिकेची अशा दोन्ही फेऱ्या पूर्ण करते. आइसलँडएअर या तेथील प्रमुख विमान कंपनीचे बरेचसे अर्थकारण या एका गोष्टीवर उभे आहे. त्याला जोड म्हणून, तिकिटाचे जास्त पैसे न घेता वाटेत काही दिवस आइसलँडमध्ये थांबण्याची मुभा कंपनी देते, म्हणजे केवळ विमान बदलायला आलेला माणूस पर्यटकही होतो.

हे सारे एका रात्रीत घडले नाही. केफ्लाविकची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने बांधली आणि २००६ पर्यंत तेथे अमेरिकेचा लष्करी तळ होता. इतक्या लहान देशाला एरवी अशा लांब धावपट्ट्या परवडणे अवघड होते. त्यानंतर लॉफ्टलेइदिर या आइसलँडच्या कंपनीने, विमान कंपन्यांच्या संघटनेने ठरवलेल्या भाड्याच्या बंधनाबाहेर राहून, न्यूयॉर्कहून रेक्याविकमार्गे लक्झेंबर्गपर्यंत स्वस्त प्रवास देऊ केला. इतर कंपन्या जेट विमानांकडे वळल्या तरी ती पंख्याची संथ विमाने चालवत राहिली, आणि हातात पैसे कमी व वेळ भरपूर असलेल्या तरुणांनी ती भरून गेली. १९७३ मध्ये तिच्या आणि देशातील दुसऱ्या कंपनीच्या एकत्रीकरणातून आजची आइसलँडएअर उभी राहिली.

आयर्लंडमधील शॅननची गोष्ट मला येथे महत्त्वाची वाटते. शॅननही एके काळी इंधन भरण्याचा थांबा होता, आणि १९४७ मध्ये जगातील पहिले करमुक्त विमानतळ दुकान तेथेच निघाले. जेट विमाने थेट उडू लागल्यावर ही गरज संपली. तरीही आयर्लंड-अमेरिका विमानांनी तेथे थांबण्याची सक्ती सरकारने कायम ठेवली, ती हळूहळू सैल होत २००८ मध्ये पूर्णपणे गेली. नियमाने थांबवलेले प्रवासी नियमाबरोबरच निघून जाऊ शकतात; केफ्लाविकचे प्रवासी मात्र भाडे आणि सोयीची वेळ पाहून येत होते.

अमेरिकेतील बॉस्टनजवळच्या प्रॉव्हिडन्स शहराचे उदाहरण आपल्या प्रश्नाच्या आणखी जवळचे आहे. नॉर्वेजियन या विमान कंपनीने २०१७ च्या उन्हाळ्यात तेथून एडिंबरा, डब्लिन, कॉर्क, शॅनन अशी स्वस्त उड्डाणे सुरू केली. बॉस्टनच्या गर्दीला हा चांगला पर्याय होता; पण पुढे जोडणारी विमाने नसल्यामुळे प्रत्येक विमान त्या परिसरातील लोकांनीच भरावे लागे. मार्च २०१९ मध्ये या सेवेतल्या बोइंग ७३७ मॅक्स विमानांच्या उड्डाणांवर बंदी आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ही सेवा बंद झाली. उड्डाणे अटलांटिकपार होती, पण प्रॉव्हिडन्स त्यांचे केंद्र कधी झालेच नव्हते.

केफ्लाविकची व्यवस्थाही नाजूक आहे, हे नाकारता येणार नाही. २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे आइसलँडएअरला आपले केंद्र काही दिवस ग्लासगोला हलवावे लागले. २८ मार्च २०१९ रोजी वॉव एअर ही आइसलँडची स्वस्त विमान कंपनी बुडाली, आणि २०१८ मध्ये सुमारे ९८ लाख असलेली विमानतळाची प्रवासीसंख्या २०१९ मध्ये सुमारे ७२ लाखांवर आली.

याच वॉव एअरने डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली ते केफ्लाविक सेवा सुरू केली होती आणि महिनाभरातच गुंडाळली, हे आपल्याकडील अनेकांना आठवत असेल. कंपनी आधीच डबघाईला आलेली होती, हे त्याचे मुख्य कारण. परंतु दिल्लीहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जाण्यासाठी आइसलँड फारसे वाकडे पडत नसले, तरी दहा-अकरा तासांच्या या मार्गाला मोठे विमान लागते आणि ते सकाळी निघून दुपारी परत येऊ शकत नाही; त्यामुळे कंपनी सुस्थितीत असती तरी केफ्लाविकच्या चोवीस तासांच्या चक्रात ही सेवा बसवणे कठीणच गेले असते.